शिखरावरचे एकोणीस

"आता खाली. सगळ्यांनी," फाउस्तो म्हणाला.

एल्सिरा तिसऱ्यांदा ओकली होती. ओकून झाल्यावर ती हसली आणि म्हणाली, "समुद्र कुठंय हो, काका?" खालच्या मैदानी मुलखातल्या सांताक्रूझच्या सिमेंट कंपनीतली ही टायपिस्ट. फाउस्तोने तिचे ओठ पाहिले. सत्तावीस वर्षं तो या डोंगरावर माणसं आणत होता. विरळ हवेत जांभळे ओठ आणि असली बडबड म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

चूक त्याचीच होती. सकाळी तिचं डोकं ठणकत होतं, तेव्हा त्याने आपल्या घरच्या सवयीने मूठभर कोकाची पानं चघळायला दिली. ठणका थांबला, पण आजार आत वाढत गेला आणि पोरगी चढत राहिली. त्याला स्वतःचीच किळस आली.

"अर्धा तास तर राहिलाय," कंपनीचे मॅनेजर रोमुलोसाहेब म्हणाले. "दोघं जण धरा तिला. बॅनरवर एकोणीस लिहिलंय. हेड ऑफिसला फोटो जायचाय."

"मरेल ती, साहेब."

"अभद्र बोलू नका. तुम्हा डोंगरवाल्यांना जिथं तिथं मरणच दिसतं."

खिंडीत दगडांची रास आहे. तिथं चघळलेलं पान आणि एक दगड ठेवून शिणवटा मागे सोडायचा, ही रीत. साहेबांनी त्या राशीला च्युइंगगम चिकटवला होता आणि वर दात काढले होते. तेव्हा बाकीचे सतराही जण खदखदून हसले होते. आता त्यातला कुणी नाडी बांधत होता, कुणी पाणी पीत होता. माणसं कसली, पगारी मेंढरं! फाउस्तोला थुंकावंसं वाटलं.

गट सोडला तर वाटाड्याचा बिल्ला जातो. गेला तर गेला. त्याने खांद्यावरचं विणलेलं फडकं सोडलं आणि बायका तान्ह्या पोराला बांधतात तसं एल्सिराला पाठीशी बांधलं.

"जीव प्यारा असेल त्यानं माझ्यामागं यावं."

कुणी आलं नाही.

दोन तास तिच्या छातीची घरघर त्याच्या कानाशी होती. तळावरच्या टपरीत पोटात गरम सूप गेलं, तेव्हा कुठे तिने त्याला ओळखलं. फाउस्तोचे डोळे भरून आले.

"काका, फोटो झाला का त्यांचा?"

"अगं, मरत होतीस तू!"

"हो. पण फोटो?"

तासाभराने बाकीचे उतरले, भेदरलेले. धुक्याने त्यांना शिखराच्या अलीकडूनच पिटाळलं होतं. साहेबांनी घसा खाकरला आणि गाड्यांशेजारीच बॅनर उलगडायला लावला. 'आम्ही एकोणीसही शिखरावर!'

"मागं बर्फ दिसतोय ना? मग झालं. काका, तेवढं बटण दाबा."

एल्सिरा भिंतीला धरून उठली.

"बस खाली, पोरी. तुला काय गरज?"

"नको, काका," ती हळूच म्हणाली. "एक कमी दिसला तर हेड ऑफिसवाले विचारतील, कोण राहिलं."

तिने स्वेटरवरची ओकारी बाहीने पुसली आणि बॅनरचं टोक धरलं. फाउस्तोने साहेबांचा फोन डोळ्यांसमोर धरला.

"हसा!" साहेब म्हणाले.

सगळ्यांच्या आधी ती हसली.