फॉर्मवर लिहिलेलं

"भुईबाई, मऊ हो गं, बाळ माझं चालू लागे," आई गायची. तो आवाज आता दुबईत, चौदा वर्षांच्या इशिताला वॉकर धरून चालवताना मला टोचतो. इथल्या मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर ती पडली, पण पडताच सुटायला हवी ती पायातली स्की सुटलीच नाही. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला.

"आजीसारखी चालतेय मी. डोन्ट लाफ, बाबा! सॉरी, आय वॉज सो केअरलेस."

सहा आठवडे हे सॉरी मी मुकाट्याने घेत आलो होतो.

"इशू, चूक तुझी नाही. तू नवशिकी होतीस, तरी वरच्या उतारावर सोडावं म्हणून स्की भाड्याने घेताना फॉर्मवर मी 'एक्स्पर्ट' लिहिलं. त्यावरूनच तिथल्या लोकांनी स्की इतकी घट्ट बसवली."