लिओटाच्या पाट्या

लिओटा हारबेक टायपिस्ट म्हणून हॉलिवूडला आली तेव्हा इथे स्टुडिओंपेक्षा लिंबांच्या बागा जास्त होत्या. वर्षभरात ती विनोदी कथा लिहू लागली, मग दिग्दर्शनही करू लागली. जाड्या पोलिसाला तलावात पाडावं तर तिनेच. तिच्या फिल्मची कापाकापी आणि जोडाजोडी मी करायचे, त्यामुळे ते पोलीस बुडताना सगळ्यांत आधी मी पाहिले आहेत.

तिला स्वतःला मात्र एकच चित्रपट करायचा होता, तिच्या वडिलांवरचा. ते आयोवात घरोघरी पियानो सुरात लावून द्यायचे आणि हळूहळू ठार बहिरे झाले. आमचे स्टुडिओमालक मिस्टर लिंडावर तोंडातला सिगार न काढता म्हणाले, बहिऱ्या माणसाचा मुका चित्रपट, म्हणजे कुणाचंच काही अडत नाही. कर.

शूटिंगला तिचा एक हट्ट होता. बाकीचे दिग्दर्शक नटांना काहीही पुटपुटू देत; आमचा नायक तर प्रेमप्रसंगात जेवायला काय आहे ते विचारायचा. लिओटा एकेक वाक्य लिहिल्याबरहुकूम म्हणून घ्यायची.

"बाई, कॅमेऱ्याला कान असतात का?" नायक वैतागून विचारायचा.

"आमच्या घरी ओठ वाचतात," ती म्हणायची.

तयार चित्रपट रिवाजाप्रमाणे आधी जवळच्या पोमोना गावच्या प्रेक्षकांना दाखवला. पडद्यावर लिओटाचं नाव दिसताच ते हसायला सरसावून बसले. नायक पियानोच्या तुटक्या तारेला कान लावून रडतो, तिथे तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लिंडावर खूश. एक फूटही कापायचं नाही म्हणाले, फक्त दृश्यांच्या मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या बदला.

दुसऱ्या कुणी बदलल्या तर आणखी वाट लागेल, म्हणून तिने स्वतःच लिहिल्या. 'मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू येत नाही' ही पाटी गेली. तिच्या जागी आली: 'देवा, सासूचाही आवाज बंद झाला, तुझे उपकार!'

पहिला खेळ शेजारी बसवून दाखवीन, असं तिने वडिलांना कबूल केलं होतं. ते आयोवाहून निघालेही होते. वाटेत गाडी बंद पडावी, असं ती दोनदा माझ्यापाशी बोलली. गाडी वेळेवर आली.

थिएटर हसण्याने दणाणत होतं. लिओटाचे पपा तिच्या आणि लिंडावरच्या मधे बसले होते, मी मागे. त्यांना ते हसणं ऐकू येत नव्हतं. ते रुमाल डोळ्यांना लावून रडत होते. दिवे लागल्यावर ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बोलले.

"पोरी, त्या नटाच्या तोंडचा शब्द न् शब्द माझा आहे. पाट्या मात्र कुण्या गाढवाने लिहिल्यात. दोन वाचल्या, मग पाटी आली की मी डोळेच मिटून घेत होतो. हाकला त्याला."

"गाढव कसला! हिनेच लिहिल्यात सगळ्या," लिंडावर कौतुकाने म्हणाले. तोंडात सिगार होता, त्यामुळे पपांना त्यातलं अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतात हे?"

पुन्हा सांगायला लिंडावरनी सिगार काढण्यासाठी हात वर नेला. सिगार विझलेला होता. इतक्या वर्षांत लिओटाने त्यांच्यापुढे कधी काडी ओढली नव्हती, ती आता ओढली आणि, "घ्या बॉस," म्हणून सिगारपाशी धरली. लिंडावर झुरके घेऊ लागले. मग ती वडिलांकडे वळली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "हाकलतो म्हणतात."

पुढे बोलपट आले आणि लिंडावरनी पाट्या लिहिणाऱ्यांना खरंच हाकललं. सुरुवात लिओटापासून केली.