मल्लप्पा निळाऱ्याचा वंश

यल्लाप्पा हेळव्याने वहीवरचे फडके सोडले, दोन्ही हात धोतराला पुसले आणि मगच पाने उलटायला सुरुवात केली. समोर ओट्यावर सिद्धारामअप्पा ताठ बसले होते. सोलापूरहून अक्कलकोट, तिथून दुसरी एस.टी. आणि पुढे तीन मैल पायी, एवढे करून ते या दारात पोचले होते. धोतरावरची धूळ त्यांनी अजून झटकली नव्हती.

"कुनाचं घरानं म्हनलात?"

"मल्लप्पा निळारी. सोलापूरचे. माझे पणजोबा."

"निळीचे रांजण होते, ते?"

"तेच."

यल्लाप्पाने मान हलवली आणि आणखी मागे गेला. वंश सांगणे हाच हेळव्यांचा पिढीजात व्यवसाय. सुगी उरकली की बैलावर बसून ते गावोगाव हिंडत, एकेका दारात उभे राहून त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवत, नव्याने जन्मलेल्यांची नावे लिहून घेत आणि धान्य, कापड घेऊन पुढे जात. शहरात येणे त्यांनी कधीच सोडले होते. अप्पांच्या दारात शेवटचा हेळवी आला तेव्हा अप्पा दहा वर्षांचे होते. आता त्यांना एकसष्टावे चालू होते, आणि या घराचा ठावठिकाणा काढायला त्यांना चार महिने लागले होते.

अप्पांनी उभी हयात एका गिरणीत टाइमकीपर म्हणून काढली. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे लिहिता लिहिता ते निवृत्त झाले. गेल्या श्रावणात बायको, काशम्मा, गेली. त्यानंतर घराच्या कागदांसाठी सिटी सर्व्हेच्या कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनाने 'वारस' या रकान्यावर पेन टेकवून वर पाहिले. अप्पांनी नकारार्थी मान हलवली. कारकून भला होता. म्हणाला, "कुणीतरी असेलच की हो. भावकीत बघा जरा."

तेवढे एक वाक्य धरून अप्पा भावकी शोधत निघाले. वडील एकुलते एक, आजोबाही एकुलते एक. म्हणजे जायचे ते थेट पणजोबांपर्यंत. मल्लप्पांना भाऊ असतील, चुलत भाऊ असतील, त्यांची नातवंडे-पतवंडे कुठेतरी असतील. आपल्या रक्ताचे एक माणूस तरी या जिल्ह्यात निघेलच, असे त्यांना वाटत होते. दुपारची वेळ जाईनाशी झाली होती, हेही एक होते. मठातले जुने कागद, पालिकेची मृत्यूची रजिस्टरे, कापडपेठेतली म्हातारी माणसे, सगळे पाहून झाले. मल्लप्पांची कीर्ती मात्र जो तो सांगे. मल्लप्पाची नीळ, लुगडे विरेल पण रंग उतरणार नाही. रांजण पिकला की नाही हे तो जिभेवर थेंब घेऊन सांगायचा. हात कोपरापर्यंत निळे, ते मरेपर्यंत तसेच राहिले, आणि मातीतही तसेच गेले. अप्पांचे आजोबा ईरप्पा हे सांगताना स्वतःचे हात पुढे करत, जणू ते मल्लप्पांचेच.

"हे बघा, सापडलं." यल्लाप्पाने वही त्यांच्याकडे फिरवली.

अक्षरे कानडी होती, शाई तपकिरी पडली होती. पानाचा खालचा कोपरा निळा होता. छापील रेघेसारखा सरळ नाही, बुडवून काढल्यासारखा, वर चढत जाऊन विरलेला.

"मल्लप्पा शिवलिंगप्पा. बायको मायाक्का," यल्लाप्पा बोट फिरवत वाचू लागला. "हैद्राबादेकडं नीळ आनायला गेला, तिकडंच पटकीनं मेला. वय तीस-बत्तीस. धाता-ईश्वर संवत्सराच्या मोठ्या दुष्काळाआधी पंधरा वर्सं."

अप्पांनी खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढली होती. पेन्सिल थांबली.

"चुकतंय काहीतरी. मल्लप्पा म्हातारे होऊन गेले. माझ्या आजोबांना धंदा त्यांनीच शिकवला. आणि आजोबांचा जन्म दुष्काळाच्या आधी चार-पाच वर्षांचा."

"व्हय, ईरप्पा हाय की हितं." बोट खाली सरकले. "पन त्याच्या म्होरं टिंब हाय."

"टिंब म्हणजे?"

घरातून सुनेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो त्याने अप्पांच्या पुढे सरकवला.

"आमच्या घरात टिंब म्हंजी पोटचं न्हवं. दारात म्हनताना आमी ते म्हनत न्हाय. कुनी इचारलं तरच सांगायचं, असं बा सांगून गेला."

अप्पांनी तांब्या उचलला नाही. "विचारतोय मी."

"मग ऐका. दुष्काळात तलावाच्या कामावर लई मानसं यायची. यायची, खडी फोडायची, मरायची. त्यातलं एक पोर येऊन मायाक्काच्या रांजणापाशी बसलं. चार-पाच वर्सांचं. गाव सांगता येईना, बाचं नाव सांगता येईना. तिनं ठिवून घेतलं. म्होरल्या साली आमचा खापरपणजा तिच्या दारी गेला. ती म्हनली, लिही, ईरप्पा मल्लप्पा. म्हातारा म्हनला, मल्लप्पा मरून इतकी वर्सं झाली, त्याला लेक कुटनं लिहू? तर बाईनं त्याच्या हातातनं वही घेतली आन् निळीच्या रांजणावर धरली. म्हनली, लिहितोस का सोडू?"

"मग?"

"मग काय. कोपरा बुडाला, तवा लिहिलं."

अप्पा त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. अंगणात बैल शेपटीने माशा वारत होता.

"धंदा कोण बघत होतं तोवर?"

"तीच की. नाव नवऱ्याचं चालू ठिवलं. रांडमुंड बाईच्या नावानं कापड कोन आनून टाकलं असतं? पेठेत समदे मल्लप्पाची नीळ म्हनायचे, आन् रांजणात हात तिचा. चाळीस वर्सं."

अप्पांनी पेन्सिल वहीत घातली आणि वही मिटली. आजोबांनी वडिलांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. आईविषयी मात्र एक अक्षर नाही. शेवटच्या तापात ते 'आव्वा, आव्वा', म्हणजे आई, आई, म्हणत होते; घरात आजीलाही आव्वाच म्हणत, म्हणून घरच्यांना वाटले, अप्पांच्या आजीलाच हाक मारत आहेत.

"मल्लप्पांना भाऊ?" त्यांनी विचारले. विचारायचे ठरवून आले होते, म्हणून विचारले.

"एक. त्याचा वंश बुडला दुष्काळात." यल्लाप्पाने दुसरी, अलीकडची वही काढली, दौत उघडली आणि टाक बुडवला. "आता तुमचं घिऊ. सिद्धाराम गुरुपादप्पा. बायको?"

"काशम्मा. गेली."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"मग खाली रेघ वढतो."

टाक कागदाला टेकणार, तेवढ्यात अप्पांनी हात पुढे केला.

"रेघ नको."

"मग काय लिहू?"

"काही नको. तसंच ठेवा."

"कवापातुर?"

अप्पांनी पिशवीतून आणलेली धोतरजोडी काढून त्याच्यापुढे ठेवले, नमस्कार केला आणि ते ओट्यावरून उतरले.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर काढलेल्या ज्वारीची धसकटे मैलोन् मैल पसरली होती. अप्पांना काशम्मा आठवली. ती रोजच आठवे, पण आज आठवली ती तरुणपणची. एकतीस वर्षांपूर्वी, बार्शीला तिची धाकटी बहीण वारली, मागे तीन वर्षांची मुलगी ठेवून. रुद्राणी तिचे नाव. संक्रांतीच्या सुमारास काशम्मा तिला घेऊन आली. बारा दिवस ती मुलगी घरात होती. तेराव्या दिवशी जेवण झाल्यावर काशम्मा म्हणाली, "हिला आपल्याकडंच ठेवून घेऊ या का?"

अप्पा तेव्हा सुपारी कातरत होते. त्यांनी वर न पाहता सांगितले, "रक्ताचं ते रक्ताचं. दुसऱ्याचं आणून आपलं होत नसतं. पाठवून दे."

ती एका शब्दानेही भांडली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचे दोन झगे धुऊन, वाळवून, घडी घालून तिने दिले आणि भावाबरोबर तिला बार्शीला पाठवली. पुढे दर दिवाळीला ती एक पार्सल करी. पत्ता स्वतः लिही, आणि पोस्टातही स्वतःच जाई. अप्पांनी त्यात काय असते ते कधी विचारले नाही. काशम्मा गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी रुद्राणी आली होती. बायकांत बसली, आणि उठून गेली. अप्पा तिच्याशी बोलले नव्हते.

चार दिवस ते घरातच होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली आणि बार्शीची गाडी धरली.

रुद्राणी मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. नवरा बाजारसमितीत नोकरीला. धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचे घर होते. दार तिनेच उघडले. हाताला खडूची पूड होती. नुकतीच शाळेतून आली असावी.

"काका?" ती म्हणाली. मग बाजूला झाली. "या ना. आत या."

तिने पाणी दिले, चहा केला. समोरच्या स्टुलावर बसली. चौतीस वर्षांची ही बाई बोलताना पदर बोटाला गुंडाळत होती, आणि तिच्या नाकाची ठेवण काशम्माचीच होती. पूर्वी हे अप्पांच्या ध्यानात आले नव्हते.

"इकडं काही काम काढलंत?"

"नाही. सहज."

सोलापूरहून बार्शीला सहज कुणी येत नाही, हे दोघांनाही माहीत होते. थोड्या वेळाने अप्पांनी तिला हेळव्याकडची हकीकत सांगितली. मल्लप्पा, मायाक्का, ते दुष्काळातले पोर, रांजणावर धरलेली वही. सांगताना त्यांनी ना कमी केले ना जास्त. आपल्या नावाखाली रेघ ओढू दिली नाही, एवढे मात्र सांगितले नाही. तेच सांगायला आणि तिथे तुझे नाव लिहू का, हे विचारायला ते आले होते. पण तिथवर आले की ते पुन्हा मायाक्काकडेच वळत होते.

रुद्राणी लक्ष देऊन ऐकत होती. "धीट होती म्हणायची बाई," ती म्हणाली. मग तिने कप उचलून बाजूला ठेवले.

"मला तुमच्या घरातलं फारसं काही आठवत नाही. लहानच होते. एक मात्र पक्कं आठवतं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत केवढी गर्दी होती, मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या उंच काठ्या दिसेनात म्हणून मी रडायला लागले. तर तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. काठ्या जाईपर्यंत उतरवलं नाहीत. तुमच्या पटक्याला धरून बसले होते मी." ती जराशी हसली. "माझ्या वडिलांनी कधी घेतल्याचं आठवत नाही. म्हणून ते राहिलं असेल. शाळेत मुलींना सांगते कधी कधी."

अप्पांनी तिच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. बाहेर हमाल एकमेकांना हाका मारत होते. हो म्हणायला काहीच लागणार नव्हते. मान हलवली असती तरी पुरले असते.

"तो मी नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता?"

"तुझा मामा होता. पटका तोच बांधायचा, मी टोपी घालायचो. त्या दिवशी मला सुट्टी होती. काशम्मा चला म्हणाली होती. मी घरीच बसलो." त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "तुला ठेवून घ्यावं असं तिच्या मनात होतं. पाठवून दे म्हणालो तो मी."

रुद्राणीने बोटाचा पदर सोडला.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मावशीनं नाही सांगितलं. आजीनं सांगितलं होतं, मी दहा-अकरा वर्षांची असताना." तिने पदर खांद्यावर नीट घेतला. "म्हणूनच तर ते खांद्यावरचं… मला वाटायचं, निदान तेवढं तरी."

ती उठून आतल्या खोलीत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. अप्पा बराच वेळ बसून राहिले. तिच्या हातात होते-नव्हते तेवढेही आपण काढून घेतले, असे त्यांना वाटले. मग ते उठले, पिशवी काखेला लावली, उंबऱ्याबाहेर येऊन वहाणा पायात घातल्या आणि निघतो म्हणून सांगायला आत वळून पाहिले.

रुद्राणी मधल्या दारात उभी होती. डोळे पुसलेले दिसत होते. हातात पिठाची परात होती.

"साडेपाचची गाडी आता मिळायची नाही तुम्हाला," ती म्हणाली. "आता आठची. भाकरी कडक चालते, का मऊ टाकू?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. स्टँड दहा मिनिटांच्या वाटेवर होता. वेळेचा हिशेब अप्पांचा कधी चुकत नसे.

"मऊ टाक," ते म्हणाले, आणि त्यांनी वहाणा पुन्हा काढल्या.