पाठीवर कोरलेलं नाव

मी एक पाटी आहे. तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका बंद गाळ्याच्या दाराला तारेने लटकवलेली. माझ्या पोटावर लाल रंगात लिहिलंय, 'हॉटेलसाठी जागा भाड्याने देणे आहे', आणि खाली एक फोन नंबर. येणारेजाणारे तेवढंच वाचतात. माझी पाठ दाराकडे आहे. आज मी त्या पाठीबद्दल बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही. गोड बोलणं मी इथे पुष्कळ ऐकलंय.

लाकडाला राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. येतो. लाकडाला तो बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो आत मुरतो आणि टिकतो.

मी मूळची होडीची फळी. या तळ्यात प्रवाशांना फिरवणाऱ्या जुन्या होड्या ज्यांनी बांधल्या, त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांच्या शेवटच्या होडीतून मी उरले. "हिचं काहीतरी करीन," म्हणत त्यांनी मला बारा वर्षं खाटेखाली ठेवलं. घरात कोणी मला सरपणात घालायचं नाव काढलं, की ते दिवसभर जेवायचे नाहीत.

त्यांची मुलगी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. अठरा वर्षं, रोज तीनशे माणसांचा. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला दादा. दादा प्रवाशांची बस चालवायचे. दाराशी कोणीही आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला, तरी वहिनी म्हणायच्या, "चार घास खाऊन जा." त्यांना दहा टेबलांचं स्वतःचं हॉटेल काढायचं होतं. तेवढंच. दुसरं काही त्यांनी आयुष्याकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

जागा बघायला गेले तेव्हा मी बरोबर नव्हते, पण त्या घरात महिनाभर दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे मला ते पाठ झालंय. एजंटने जागा दाखवली ती सुट्ट्यांच्या महिन्यात, रविवारी, संध्याकाळी पाचला. त्या वेळी हा रस्ता माणसांनी भरून वाहत असतो. दादा नुसते दारात उभे राहिले तरी दोघांनी त्यांना विचारलं, "जेवायला काय आहे?"

मालक पांढऱ्या केसांचा, हसऱ्या चेहऱ्याचा. खिशात लिमलेटच्या गोळ्यांची डबी. समोरच्याच्या हातावर गोळी ठेवल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसे.

"मला मालक म्हणू नका बरं का," तो म्हणाला. "काका म्हणा. इथे सगळे काकाच म्हणतात."

वहिनींना कामाचं कळत होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "काका, धूर कुठून जाणार? भट्टी म्हटली की पाइप गच्चीपर्यंत न्यावा लागतो. वर तर लोक राहतात."

"राहतात म्हणजे, घरचीच माणसं आहेत. मी सांगितलं की झालं."

"मग करारात तेवढी एक ओळ घालू या?"

त्याच्या तोंडातली गोळी हलायची थांबली. "घाल हो, घाल. माझं काय जातंय? पण पोरी, काका म्हणतेस आणि कागद मागतेस?"

दादा ओशाळले. "अगं, काका म्हणतायत ना," ते हळूच म्हणाले.

ती एक ओळ राहून गेली. नातं लावलं की आपल्या माणसांना कागद मागवत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मालकाकडे लेखी मागता येतं. काकाकडे मागितलं तर आपणच वाईट ठरतो. त्याने गोळी दिली आणि नातं दिलं, आणि दोन्ही त्याला फुकटच पडलं.

आबांनी मला खाटेखालून ओढून काढलं. एरवी त्यांचे हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. पण हातात पटाशी आली की हात दगडासारखे स्थिर. दादा म्हणाले, "आबा, नुसता रंग दिला तरी चालेल."

"रंग उडतो. खोदलेलं राहतं."

अकरा दिवस ते माझ्यावर वाकून होते. 'चार घास' एवढीच चार अक्षरं, पण प्रत्येक अक्षर अंगठ्याच्या पेराएवढं खोल. कोपऱ्यात एक छोटीशी होडीही काढली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मग मला दारावर चार स्क्रूंनी भिंतीत बसवलं आणि आबा रस्त्यापलीकडे स्टूल टाकून बघत बसले.

"उजवीकडे झुकलीय," ते म्हणाले.

"आबा, सरळ आहे. पट्टी लावून बघितलंय," दादा शिडीवरून म्हणाले.

"झुकलीय. होडी असती तर एव्हाना बुडाली असती."

त्या दिवशी सगळे हसले. आतमध्ये नवी फरशी बसली होती, सांडपाण्याची मोरी खोदून झाली होती, ओटा उभा राहिला होता. वहिनी रिकाम्या ओट्यासमोर उभ्या राहून हात हलवून बघत होत्या, इथे पातेलं, इथे कढई. मी वरून ते सगळं बघत होते. मला फार बरं वाटत होतं. हे सांगतेय, कारण पुढचं सांगताना माझा आवाज चढणार आहे.

पाइपवाला आला, त्याने मागच्या भिंतीला शिडी लावली, आणि वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"माझ्या खिडकीसमोरून धुराचा पाइप? मुळीच नाही," वरच्या बाई म्हणाल्या. त्यांचा अर्ज दुसऱ्याच दिवशी कचेरीत पोचला. एवढा व्यवस्थित लिहिलेला अर्ज एका रात्रीत होत नाही, तो आधीपासून तयार असावा लागतो. तपासणीला आलेला साहेब सभ्य होता. त्याने सगळीकडे बघितलं, ओट्याचं कौतुक केलं आणि म्हणाला, "ताई, धुराची सोय नाही तर भट्टी नाही."

वहिनी मालकाकडे गेल्या. "काका, तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. मी कुठे नाही म्हणतोय? पण वरचा मजला तिच्या नावावर आहे. तिनेही ऐकायला हवं ना? थांब, मी बोलून बघतो."

चार महिने तो बोलून बघत होता. भाडं मात्र पहिल्या तारखेपासून चालू. वहिनी पहाटे उठून घरी स्वयंपाक करायच्या आणि दादांच्या बसमधून डबे इथे आणायच्या. पण रस्त्यावरून पाय दुखवून आलेल्या माणसाला गरम हवं असतं. ते दारात यायचे, ओट्याकडे बघायचे, नाकाने वास घ्यायचे. वास नसायचा. "नंतर येतो," म्हणायचे. माणसं 'नंतर येतो' किती सभ्यपणे म्हणतात, ते एखाद्या पाटीला विचारा.

मग सुट्ट्या संपल्या. एजंटने जो रस्ता दाखवला नव्हता तो रस्ता मग दिसला. एक कुत्रं दारासमोर मधोमध झोपायचं आणि दुपारभर त्याला उठावं लागायचं नाही.

सामान आवरायच्या दिवशी समोरच्या टपरीतला किल्लीवाला दादांजवळ येऊन पुटपुटला, "वरच्या बाई मालकांची सख्खी बहीण आहे. तुमच्या आधी दोघांचं असंच झालं."

दादांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आणि हे आज सांगतोयस?"

"माझी टपरीही त्यांच्याच जागेत आहे, दादा."

त्याच्यावरही माझा राग आहे. असू दे.

मुदतीआधी सोडलं म्हणून अनामत गेली. फरशी, मोरी, ओटा जागेतच राहिलं. करारात तशी ओळ होती. ती ओळ मात्र घालायला कोणी विसरलं नव्हतं. शेवटी आबा पेचकस घेऊन आले. "बाकी राहू दे. पाटी तेवढी नेतो."

मालकाने त्यांच्या हातावर गोळी ठेवली. "आबा, तुम्ही मला वडिलांसारखे. पण भिंतीला लागलेलं सगळं जागेचं. आज पाटी दिली तर उद्या कोणी म्हणेल, फरशी उखडून द्या. नियम तो नियम."

आबांनी पेचकस खिशात टाकला. माझ्यापर्यंत हात पोचत नव्हता, तरी त्यांनी टाचा उंचावून कोपऱ्यातल्या होडीला बोट लावलं.

"चला, आबा," वहिनी म्हणाल्या. मग दाराकडे वळल्या. "येते, मालक."

त्यांनी पहिल्यांदाच त्याला मालक म्हटलं. त्या एका शब्दाला एवढा उशीर झाला होता.

दुसऱ्याच दिवशी रंगारी आला. मालकाने मला उतरवून उलटं केलं. "फळी भारी आहे, वाया कशाला घालवायची? मागची बाजू सपाट आहे, तिथे लिही." रंगाऱ्याने माझी अक्षरं चाचपली आणि म्हणाला, "एवढं कोरलेलं आहे साहेब, पत्र्याची नवी करून देतो, स्वस्त पडेल." मालक म्हणाला, "आहे ते वापर." आणि माझं पोट लाल झालं.

तेव्हापासून मी खोटं बोलतेय. 'हॉटेलसाठी जागा', असं मी रस्त्याला सांगते. हॉटेल जिथे चालूच शकत नाही अशी जागा. माझ्यामुळे दोन भाऊ आले, ते कर्ज काढून भट्टी घेऊन आले होते. मग निवृत्त झालेले नवराबायको आले, घरचे पडदे धुऊन इस्त्री करून घेऊन. दोन्ही वेळा मला आतल्या खोलीत टाकलं, दोन्ही वेळा वरची खिडकी उघडली आणि दोन्ही वेळा मी पुन्हा दारावर आले. दोन्ही वेळा त्यांनी त्याला काका म्हटलेलं मी ऐकलं.

गेल्या महिन्यात एक सासू-सून आल्या. रविवार, संध्याकाळी पाच. सुनेचे डोळे लकाकत होते, रस्त्यावरची माणसं ती मोजत होती. सासू मात्र जाडजूड, गुडघे धरून चालणारी. तिने गोळी घेतली आणि पिशवीत टाकली.

"मालक म्हणू नका, काका म्हणा," तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा लहान दिसता. मी मालकच म्हणते."

एजंटला घाई झाली होती. "ठरलंच समजा," म्हणत त्याने माझी तार सोडवली आणि मला दाराला टेकवून ठेवलं. कशी ठेवली हे त्याने बघितलं नाही. चार वर्षांनी माझी पाठ उजेडात आली. सासू गुडघे दुखले म्हणून समोरच्या पायरीवर बसली होती. तिचे डोळे नेमके माझ्यासमोर.

"चार घास," तिने मोठ्याने वाचलं. "हे कोणाचं हो, मालक?"

"असंच. जुनी फळी आहे."

"असंच कोणी एवढं खोल कोरत नाही." तिने बोट अक्षरात घातलं. पेर पूर्ण आत गेलं. मग ती उठली आणि रस्ता ओलांडून किल्लीवाल्याकडे गेली. तो खाली मान घालून कानस चालवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "वर कोण राहतं, तेवढं विचारा त्यांना."

सासू परत आली. "मालक, वरच्या बाईंना खाली बोलवा. धुराच्या पाइपचं त्यांच्यासमोर लिहून घेऊ, म्हणजे आमचं समाधान."

"ती बाहेरगावी गेलीय. महिनाभर नाही."

तेवढ्यात वरून धूळ पडली. सुनेने मान वर केली. "मग वर चादर कोण झटकतंय?"

मालक हसला. खिशातली गोळ्यांची डबी काढून त्याने सुनेपुढे धरली. सुनेने माझ्याकडे बघितलं, मग आतल्या ओट्याकडे. तिला तो ओटा फार आवडला होता. तिचा चेहरा रडवेला झाला.

"चल गं," सासू म्हणाली. "हा ओटा कोणीतरी रडत सोडून गेलंय."

त्या गेल्या. माझ्या आयुष्यात एवढं एकच काम मी नीट केलं, आणि तेही दुसऱ्याच्या गलथानपणामुळे.

मालकाने लगेच सुतार बोलावला. "मागची अक्षरं रंधा मारून काढून टाक." सुताराने दोनदा रंधा फिरवला, भुसा उडाला, आणि तो थांबला. "साहेब, ही जात नाहीत. अक्षरं जायची म्हणजे फळीच जाईल." मालकाला फळी हवी होती. त्याने मला परत टांगलं, तार जरा जास्त आवळून.

तर मी इथे आहे. आबा आहेत की नाहीत, मला कोणी सांगितलेलं नाही. वहिनी पुन्हा कँटीनमध्ये लागल्याचं किल्लीवाल्याला एका गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलं. लोक डोळ्यांभोवती हात धरून काचेतून आत डोकावतात आणि म्हणतात, "किती छान जागा आहे, कोणी घेत कसं नाही?"

तुमच्यापैकी कोणी हॉटेल काढायच्या विचारात असाल तर रविवारी येऊ नका. सुट्ट्या संपल्यावर मंगळवारी दुपारी या, कुत्रं झोपलेलं असताना. दार उघडणाऱ्याला मालक म्हणा, तो काहीही म्हणो. आणि आत जाण्याआधी माझ्यामागे हात घाला. रंधा दोनदा फिरलाय, तरी बोटाला चार अक्षरं लागतील आणि कोपऱ्यात एक होडी. ती जरा उजवीकडे झुकली आहे. आबा बरोबर होते.