सांडू द्यायचं पाणी

"कॉइल जळली, मुखरूभाऊ," रफीक म्हणाला आणि बोअरमधून वर काढलेल्या मोटरीला नाक लावून त्याने पुन्हा एकदा वास घेतला. "सावली गावाले न्या लागते, दुकानात. आज काई होत नाई. उद्या दुपारपर्यंत बसवून देतो."

 मुखरू घरामागच्या हिरव्या जाळीच्या शेडमध्ये गेला आणि पहिल्या पिशवीत त्याने बोट खुपसलं. नारळाच्या काथ्याचा भुसा वरून कोरडा ठाक झाला होता, आत जेमतेम ओल होती. सुतळीवर चढवलेल्या काकडीच्या वेलांची पानं छत्री मिटल्यासारखी खाली वळली होती. एप्रिल संपत आला होता आणि ऊन अजून डोक्यावर यायचं होतं.

"मातीत असते तं दोन दिवस काढले असते," रफीक मागून म्हणाला.

"मातीत असते तं," मुखरू म्हणाला.

ही शेती त्याच्या मुलीची, दिव्यानीची. कृषी पदविका घेऊन आल्यावर तिने बापाच्या घरामागे शेड उभारली, काथ्याच्या विटा भिजवून भुसा केला, धुतला, पिशव्या भरल्या. त्या भुशात स्वतःचं असं काहीच नसतं. झाडाला जे लागतं ते पाण्यात कालवून, दिवसातून अनेकदा, थोडं थोडं द्यायचं. आणि प्रत्येक वेळी थोडं जास्तच द्यायचं, म्हणजे उरलेलं पाणी पिशवीच्या बुडातून निघून पन्हाळीवाटे शेडबाहेर वाहून जातं. ते परत वापरायचं नाही.

मुखरूला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. जन्मभर त्याने धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, राखली होती. बांधाला खेकड्याने भोक पाडलं तर चिखल थापून, वरून टाच दाबून ते बुजवणारा माणूस तो. आणि इथे पाणी मुद्दाम सांडायचं. सुरुवातीला तो पन्हाळीच्या तोंडाशी बादली लावून बसायचा. दिव्यानी बादली उचलून बाजूला ठेवायची.

शेत त्याला होतं. गावापासून कोसभर अंतरावर, जंगलाच्या कडेला. विहीरही होती, बारमाही. पण त्याची बायको इंदुताई गेल्यापासून त्याने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. धानाची कापणी चालू होती. बाया रांगेने वाकून कापत होत्या आणि इंदुताई रांगेच्या टोकाला, बांधाच्या बाजूला होती. मुखरू पलीकडच्या बांधीत भारे बांधत होता. ओरडा ऐकून तो काठी घेऊन धावला. वाघिणीने तिला सोडलंही, पण तोवर उशीर झाला होता. पुढे ती वाघीण पिंजऱ्यात सापडली, लांब नेऊन सोडली, असं गावात कळलं. लोक घोळक्याने पुन्हा शेतात जायला लागले. मुखरू गेला नाही. शेत विकलंही नाही, कोणाला कसायलाही दिलं नाही. विचारायला आलेल्याला तो चहा पाजायचा आणि दुसरंच काही बोलत बसायचा.

"हातपंपाचं पाणी टाकलं तं?" रफीकने विचारलं.

"लाल येते. नळ्या तुंबते म्हणते पोरगी. शेजाऱ्यायच्या बोअरनं तं होळीलेच दम सोडला."

"दिव्यानी कुठी गेली?"

"आलापल्लीले. मैत्रिणीचं लगन हाये. सांजच्या बसनं येते."

रफीक मोटर आपल्या तीनचाकीत टाकत होता. गाडीत रिकामे ड्रम होते आणि पेट्रोलवर चालणारं, पाणी उपसायचं छोटं इंजिन होतं. त्याने एकदा शेडकडे पाहिलं, एकदा मुखरूकडे. शेतातल्या विहिरीवरचा पंप त्यानेच कैक वेळा खोलला होता. इंदुताई तेव्हा त्याच्यासाठी शिदोरीतली भाकर राखून ठेवायची. मुखरूला काय विचारायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो काही न विचारता दोरीने ड्रम बांधायला लागला.

मुखरूच शेवटी म्हणाला, "विहिरीत असन पाणी."

"असन ना. तुमी इथीच बसा. मी जाऊन भरून आणतो."

"एकटा?"

"इंजिनाचा आवाज असते भाऊ. जनावर येत नाई."

मुखरू घरात गेला, काठी घेऊन आला आणि रफीकच्या शेजारी जागा करून बसला. रफीकने गाडी सुरू केली. ती मोहाच्या झाडांखालून निघाली. रस्त्यात लहानू गुराखी भेटला. मुखरूला त्या बाजूला जाताना पाहून तो थांबला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वळून पाहत राहिला.

शेत ओळखू येत नव्हतं. बांध्यांमध्ये कमरेएवढं गवत वाळून पिवळं झालं होतं. बांध जागोजागी फुटले होते. पळसाची रोपटी उगवून आली होती. पायवाट राहिलीच नव्हती, म्हणून रफीकने गवत तुडवत पाइप विहिरीपर्यंत ओढत नेला. पाणी खोल गेलं होतं, पण होतं. तळाशी निळंशार.

इंजिन सुरू झालं. ड्रममध्ये धार पडायला लागली. मुखरू विहिरीच्या काठाशी काठी टेकून उभा होता. मग त्याने काठी तिथेच ठेवली आणि तो गवतातून निघाला. एक बांध ओलांडला, दुसरा ओलांडला. रफीकने त्याला हाक मारली नाही. तो नुसता गाडीच्या टपावर चढला आणि जंगलाच्या कडेवर नजर लावून उभा राहिला.

तिसऱ्या बांधाशी मुखरू थांबला. इथे वेगळं असं काहीच नव्हतं. तेच गवत, तोच तडकलेला चिखल. दोन वर्षं ही जागा त्याच्या डोळ्यांपुढे होती तशी ती नव्हतीच. त्याच्या मनात इथे अजून कापलेला धान होता, पडलेला विळा होता, बायांचा ओरडा होता. प्रत्यक्षात टिटवी ओरडत होती. त्याने वाकून जमिनीला हात लावला. तापलेली होती. तो तिथेच उकिडवा बसला आणि तोंडावर शेला घेऊन रडला. त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू आला नाही.

शेवटचा ड्रम भरला. भरून वाहायला लागला. पाणी गाडीवरून खाली आलं, चाकांखाली चिखल झाला, रफीकच्या चपला भिजल्या. तरी त्याने इंजिन बंद केलं नाही. मुखरू परत येऊन गाडीत बसेपर्यंत ते चालूच होतं.

"बरंच सांडलं," मुखरू म्हणाला.

"सांडू द्या," रफीक म्हणाला.

घरी आल्यावर रफीकने इंजिन लावून पाणी शेडजवळच्या टाकीत चढवलं. मुखरूने दिव्यानीने शिकवल्याप्रमाणे दोन डब्यांतली खतं मोजून, एक पूर्ण विरघळल्यावरच दुसरं, अशी टाकीत ढवळली. टाकीच्या नळाची चावी उघडली. नळ्यांमधून थेंब थेंब पाणी पिशव्यांत उतरायला लागलं. कोरडा भुसा आधी पाणी घेईना, वरूनच घरंगळत होतं. मग भुसा हळूहळू काळा पडत गेला. पिशव्या जड झाल्याचं हाताला कळताच मुखरूने चावी बंद केली.

तेवढ्यात दिव्यानीचा फोन आला. बस लागली होती.

"बाबा, मोटर जळली म्हणते शेजारची काकू. पाणी देल्लं काय?"

"देल्लं."

"खालून निघालं?"

"नाई. बंद केलं मी."

"काऊन? इतका येळ सुकलं होतं ते. खालून निघाल्याबिगर खताचा खार धुवून जात नाई. उद्या पानाचे काठ जळतीन."

"कमी हाये पाणी. लांबून आणलं."

"बाबा, सांडू द्या जी. जाऊ द्या त्याले."

मुखरूने फोन खिशात ठेवला. बराच वेळ तो चावीवर हात ठेवून उभा होता. मग त्याने ती उघडली. आधी एका पिशवीखालून, मग सगळ्याच पिशव्यांखालून तपकिरी पाणी झिरपायला लागलं. पन्हाळीतून एकत्र होऊन ते शेडबाहेर पडलं आणि अंगणाच्या उतारावरून गल्लीकडे निघालं. शेजारच्या कोंबड्यांना कुठून कळलं कोण जाणे, त्या चोची वर करत मागोमाग चालल्या. मुखरू पाहत राहिला. त्याने बादली शोधली नाही.

रफीक मोटर घेऊन गेला. ऊन उतरलं तशी पानं एकेक करून सरळ होत गेली. सगळी नाही. दाराजवळचे काही वेल तसेच मान टाकून राहिले.

दिव्यानी आली तेव्हा बाप पायरीवर बसला होता. लग्नातली नवी साडी न बदलताच ती आधी शेडमध्ये गेली, पिशव्या चाचपल्या, कोमेजलेले वेल पाहिले आणि बाहेर आली. बापाशी बोलायला म्हणून ती वाकली, आणि थांबली. त्याच्या धोतराला गुडघ्यापासून खालपर्यंत गवताची कुसळं चिकटली होती. घराभोवती, गल्लीत, गावात कुठेच तसं गवत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

"चांगलं झालं काय लगन?"

"झालं."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. त्याच्या धोतराचा सोगा तिने आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक कुसळ उपटून काढायला लागली. सगळी निघेपर्यंत अंधार पडला. मुखरू हलला नाही.