पहिल्या बाराचा मान

वाडीवरच्या शुक्रीचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते आणि दिनानाथांनी अजून उत्तर लिहिलं नव्हतं. ते फाडून टाकण्याचं धैर्यही त्यांना झालं नव्हतं. खांदा कॉलनीतल्या घरी, टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्याखाली ते पडून होतं. लिहिलं होतं शुक्रीच्या मुलीनं, सुनितानं, वहीच्या कागदावर. मजकूर थोडकाच. 'मास्तर, तुमी तिथं होतात. बंदूक कोनाची होती ते तुमी पोलिसांना सांगाल का? बाकी कोन बोलत नाय.'

दिनानाथ मास्तर नव्हते. महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले, पण वाडीवरची माणसं चष्मा लावणाऱ्या प्रत्येकालाच मास्तर म्हणत. चार लोकांत बोलायची वेळ आली की ते मागच्या रांगेत सरकत. सभेत कुणी नाव घेतलं, तर दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल म्हणून ते आधी मागे वळून पाहत. लिहीत मात्र असत. पनवेल-उरणकडच्या जुन्या चालीरीतींवर त्यांचे लहानसे लेख छापून आले होते. ते वाचूनच कृष्णकांतशेठनी थोरल्या मुलाच्या हळदीला त्यांना आग्रहानं बोलावलं होतं.

शेठच्या घरी एके काळी भातशेती आणि मिठागर होतं. जमिनी गेल्या, पैसा आला, कंटेनर ठेवायची यार्डं झाली. अंगणाच्या जागी फरशी आली, पण अंगणातली रीत तशीच राहिली. हळद लागली की बंदुकीचा बार काढायचा, आणि पहिला बार डोंगराखालच्या वाडीवरच्या कातकऱ्यानं काढायचा. त्याबद्दल त्याला नारळ, टॉवेल आणि बाटली. याला गावात मान म्हणत. पूर्वीच्या ठासणीच्या बंदुका गंजलेल्या असत. बार कधी पुढून उडे, कधी मागून. पहिला बार धड गेला की मग गावातले हात पुढे येत. दिनानाथांना हे ठाऊक होतं. लेखात मात्र त्यांनी 'गाव आणि वाडी यांच्यातला जिव्हाळ्याचा धागा' असं लिहिलं होतं.

त्या वर्षी निवडणुकीमुळे शेठचं परवान्याचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा होतं. धाकटा मुलगा प्रणित इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं रुमालात गुंडाळलेली एक राखाडी वस्तू आणली.

"पप्पा, टेन्शन नाय. घरच्या घरी थ्री-डी प्रिंटरवर छापलीय, प्लास्टिकची. कुठला लायसन नि कुठला काय!"

"ही काय रं? जत्रेतली हाय काय?" एक काका म्हणाले. सगळे हसले.

"मग तूच काढ की पहिला बार," काका प्रणितला म्हणाले.

प्रणितनं हात मागे घेतला. "मी नाय बाबा. आधी टेस्ट तर होऊ दे."

"गोमाला बोलवा," शेठ म्हणाले.

गोमा मटणाच्या टोपाखाली लाकडं सारत होता. हात पुसून आला. ती वस्तू त्यानं उलटसुलट करून पाहिली.

"शेट, ही लई हलकी हाय. फुटंल."

"तुझ्या बापानं काढला, आज्यानं काढला. तू त्यांच्यापेक्षा शाना झाला काय रं?"

"बापाच्या टायमाला लोखंड व्हता, शेट."

पुन्हा हशा झाला. गोमा हसला नाही. त्यानं बंदूक खुर्चीवर ठेवली आणि तो टोपाकडे निघाला. शेठनी डीजेवाल्याला हात करून गाणं बंद करवलं.

"सर, तुमी पुस्तकवाले. सांगा याला, पहिल्या बाराचा मान कोनाचा?"

सगळा मांडव दिनानाथांकडे वळला. त्यांचं म्हणणं ऐकण्यासाठी आजवर कुणी गाणं थांबवलं नव्हतं. या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"वाडीचा."

गोमानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. टॉवेल खांद्यावर घेतला आणि बंदूक उचलली.

आवाज अगदीच लहान झाला. आधी धूर दिसला, मग गोमा खाली बसलेला दिसला, आणि मग त्याचा उजवा हात. मांडवाच्या पलीकडच्या टोकाला काय झालं ते कळलंच नव्हतं, म्हणून कुणीतरी गाणं पुन्हा लावलं. दिनानाथ कसे घरी आले ते त्यांना आठवत नाही. ताटातली जिलेबी अर्धी राहिली होती, एवढं आठवतं.

सकाळपर्यंत बंदूक गोमाची झाली. आदिवासी माणूस, शिकारीला ठेवली असंल, असं सगळं गाव एका तोंडानं म्हणालं. हाताची जखम भरत आली तसं गोमाला विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल तुरुंगात नेलं. ज्या वाडीवर धड दिवा लागत नाही, तिथं बंदूक छापली कशावर, हे कुणी विचारलं नाही.

आणि आता पनवेलच्या सभागृहात जाहीर चर्चा होती. विषय, 'घरी छापलेली शस्त्रे: कायदा कडक हवा का?' खुर्च्यांचा आणि चहाचा खर्च कृष्णकांतशेठनी उचलला होता. अध्यक्ष दिनानाथ, कारण ते फार बोलत नाहीत. त्यांना नाही म्हणायलाही जमलं नव्हतं.

एक वकील म्हणाले, शस्त्र लोखंडाचं असो की प्लास्टिकचं, परवाना लागतोच. एका प्राध्यापकांनी प्रत्येक यंत्राची नोंद सरकारदरबारी हवी असं सांगितलं. एक तरुण उठला, "उद्या सुरीलाही लायसन लावाल!" टाळ्या पडल्या. मग कुणीतरी म्हणालं, "आपल्याच भागात एका अडाणी माणसाकडे अशी बंदूक सापडली. बघा, कुठवर पोचलंय हे!" सभागृह हळहळलं. पहिल्या रांगेत प्रणित मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

दिनानाथांना काहीच वाटत नव्हतं. नवी शस्त्रं येतील, त्यांच्यासाठी नवे कायदेही येतील. पण ती पहिल्यांदा कुणाच्या हातात द्यायची, हे आपण फार आधी ठरवून ठेवलं आहे. त्यावर चर्चा नव्हती. अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले.

बाहेर चपलांच्या ढिगाशी शुक्री उभी होती. बांधकामावरून तशीच आलेली, पायांना सिमेंट.

"मास्तर, पत्र पोचला का?"

"पोचलं."

"सुनिता बोलली, पत्ता चुकला आसंल." ती थोडी थांबली. "पोचला तं बरा झाला."

ती वळली आणि चालू लागली.

"कोन ती सर? कामवाली काय?" शेठ मागून आले.

"गोमाची बायको."

शेठचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "चला, गाडीनं सोडतो तुमाला."

"नको. रिक्षानं जाईन."

घरी बायकोनं, कुमुदनं, चहा पुढ्यात ठेवला. खण उघडा होता आणि पत्र टेबलावर. तिनं ते वाचलं होतं. आजवर तिला हे पत्र माहीत नव्हतं.

"जन्मभर लोकांना उशीर झाला म्हणून दंड लावलात," ती म्हणाली. "आता तुम्हाला कोण लावणार?"

ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर 'समाज' आला, 'परंपरा' आली. तो फाडला. दुसऱ्यावर स्वतःच्या स्वभावाबद्दल बरंच आलं. तोही फाडला. मग उरलं ते असं:

'शुक्रीबाई, बंदूक गोमाची नव्हती. प्रणितनं घरी छापली होती. गोमा नको म्हणत होता. मान वाडीचा, असं मी म्हणालो, म्हणून त्यानं ती उचलली. हे पोलिसांत लिहून देतो आहे, कोर्टातही सांगेन. तो मान नव्हता. तेव्हाही मला ते माहीत होतं. दिनानाथ.'

सकाळी ते आधी पोलीस ठाण्यात गेले. अधिकाऱ्यानं जबाब लिहून घेतला, पुन्हा वाचला आणि मान वर केली.

"इतके दिवस कुठं होतात, आजोबा?"

"घरी," दिनानाथ म्हणाले.

त्यांनी सही केली. मग कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी आले, पाकिटावरचं शुक्रीचं नाव एकदा वाचून पाहिलं आणि ते आत सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला टेकल्याचं त्यांना ऐकू आलं.