राजमातेचं तिसरं नाव

असुबोन्सोचा राजा गावाला गेला होता. म्हणजे वारला होता. पण राजा वारला, असं तिथे कोणी म्हणत नाही. नवा राजा सुचवायचा हक्क राजमाता अफ्राकोमाचा. मावशीच्या मागे आसन तिच्याकडे आलं, तेव्हा हा हक्कही आला आणि घराण्याची गुडघेदुखीही.

पण नावं तीनच सुचवायची. पंचांनी तिन्ही नाकारली, की हक्क पंचांकडे. दोन नाकारून झाली होती. पंचांच्या मनात होता तो गेलेल्या राजाचा भाचा, आणि तो तर नदी सोनं खोदणाऱ्यांच्या घशात घालायला टपूनच बसला होता.

दरबार भरला. अफ्राकोमा आपल्या आसनाकडे न जाता राजाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. चेहरा भेंडी निवडायला बसल्यासारखा.

पंचांचा म्होरक्या, म्हातारा सेनापती आम्पाडू खेकसला, "ओडुरो, राजमातेला म्हणावं, जागा चुकली!"

ओडुरो तिचा दुभाष्या. भाषा सगळ्यांची एकच. पण राजमाता चारचौघांत थेट बोलत नाही. ती पुटपुटली, "त्या थेरड्याला सांग, तोंड आवर."

ओडुरोने काठी टेकली. "राजमाता म्हणतात, सेनापतींनी बोलून बोलून घसा सुकवू नये."

"तिसरं नाव सांगा म्हणावं!"

"अफ्राकोमा," ती म्हणाली.

ओडुरो तिच्याकडे वळला. "राजमाता, हे गोड करून कसं सांगू?"

"कडूच सांग."

त्याने सांगितलं. ढोलवाल्याचाही हात वरच्या वर थांबला. आता नकार आला की नदी गेली.

आम्पाडू ताडकन उठला. उभा जन्म त्याने याच खुर्चीसमोर उठून राजांशी वाद घातले होते. खांद्यावरचं वस्त्र खाली ओढलं, पाय चपलांतून बाहेर काढले, आणि गरजला, "आम्हाला हे नाव..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. खांदा असुबोन्सोत कुणाही वडीलधाऱ्यापुढे उघडा करतात. चपला फक्त राजापुढे काढतात.

आम्पाडूनेही खाली पाहिलं. पाय चाचपडत चपला शोधू लागले.

"ओडुरो," अफ्राकोमा म्हणाली, "विचार, जमीन गार लागतेय का?"

"राजा विचारतात," ओडुरोने काठी आपटली, "सेनापती, जमीन गार लागतेय का?"

पाठीमागच्या रांगेत कुणाची तरी चप्पल निघाली. मग शेजारच्याची. आम्पाडूला आपली डावी अजून सापडत नव्हती.